शकावली आणि करीना

भोरच्या नैर्ऋत्येस, रायरेश्वराच्या पायथ्याशी वसलेल्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या दफ्तरातून जे जुने कागद महाराष्ट्राच्या हाती आले, त्यांपैकी दोन कागदांचे स्वभाव परस्परांहून इतके भिन्न आहेत की, एकाच घराने ते जपून ठेवले यावर प्रथमदर्शनी विश्वास बसू नये. पहिला कागद म्हणजे लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेली जेधे शकावली. इ. स. १६१८ पासून १६९७ पर्यंतच्या घटना तीत तिथीवार, एकीखाली एक, हर्ष ना शोक अशा कोरड्या लेखणीने नोंदलेल्या आहेत. शिवछत्रपतींच्या जन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी पुढे आली ती याच कागदामुळे. दुसरा कागद जेधे करीना. त्यात तिथींचा तसा बंदोबस्त नाही. एक वतनदार घर आपल्यावर काय गुजरले, कोणाच्या शब्दाखातर आपण काय पणाला लावले, आणि त्याचे फळ काय मिळाले, हे आठवून आठवून सांगत आहे, आणि सांगता सांगता जिथे मन गुंतते तिथे थांबत आहे. कथा-कादंबरी लिहू इच्छिणाऱ्याने हे दोन्ही कागद एकाच बैठकीत वाचावेत असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. कारण आधी सर्व ठरवून मग लिहावे, की लिहिता लिहिता काय ते ठरू द्यावे, या लेखकवर्गातल्या जुन्या वादाचे दोन्ही पक्ष या दोन कागदांत जणू आपापली कैफियत घेऊन उभे आहेत.

हा वाद मी ज्या दोघांच्या तोंडून ऐकला ते दोघेही याच मुलखातले. एक भूमिअभिलेख खात्यात उभी हयात घालवून निवृत्त झालेले भोरचे गृहस्थ; त्यांना सारी आळी अण्णा म्हणते. दुसरे वेल्हे तालुक्यातील, म्हणजे शासनाने ज्याला आता राजगड हे नाव दिले आहे त्या तालुक्यातील, गुंजवणीच्या खोऱ्यात प्राथमिक शाळेवर असलेले गुरुजी. दोघांचा परिचय राजवाड्यातल्या रामनवमीच्या उत्सवात कीर्तन ऐकताना झाला, आणि तो वाढला तो एका योगायोगाने: दोघेही एकमेकांच्या नकळत एकाच माणसावर लिहीत होते. तो माणूस म्हणजे उत्रौलीचे खंडोजी खोपडे देशमुख.

वाचकांस प्रसंग ठाऊक असेल; तरी पुढील संभाषण कळण्यापुरता तो सांगतो. अफझलखानाची स्वारी निघाली तेव्हा विजापूर दरबाराने मावळच्या देशमुखांस आपल्या बाजूस वळविण्याची खटपट केली. कान्होजी जेध्यांच्या नावचे १६ जून १६५९ चे फर्मान प्रसिद्धच आहे. खानास रुजू होऊन चाकरी करावी, हा त्याचा आशय. कान्होजी आपल्या पाच पुत्रांसह राजगडास गेले, फर्मान महाराजांपुढे ठेवले आणि वतनावर पाणी सोडले. खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. त्याच वर्षी १० नोव्हेंबरला प्रतापगडाखाली खान पडला, आणि खंडोजींवर रानोमाळ लपत फिरण्याची पाळी आली. अखेर गुंजण मावळचे हैबतराव शिळीमकर मध्ये पडले, कान्होजींस गळ घातली, कान्होजींनी महाराजांकडे रदबदली केली आणि खंडोजींचा जीव वाचला. मात्र त्यांचा एक हात व एक पाय तोडण्यात आला. जीव न घेण्याचा शब्द अक्षरशः पाळला गेला आणि द्रोहाचे शासनही झाले. कान्होजींना ते लागले असणार; पण ज्याच्या पायाशी आपण आपले वतन ठेवले त्याच्याशी या गोष्टीवरून किती भांडावे, हा प्रश्न त्यांनी मनाशी कसा सोडविला असेल, हे कल्पिण्यातच कथालेखकाची कसोटी आहे.

अण्णांच्या माडीवर त्यांची या कादंबरीची चोपडी मी पाहिली आहे. लांबट, आडवी उघडणारी, तांबड्या कापडी बांधणीची. प्रत्येक पानावर रुळाने आखलेले पाच रकाने. पहिल्यात तिथी, दुसऱ्यात स्थळ, तिसऱ्यात वाट आणि अंतर, चौथ्यात पावसाचे व नदीनाल्यांचे मान, आणि पाचव्या रकान्याच्या माथ्यावर लिहिलेले: ‘कोणास काय ठाऊक’. कादंबरीतील प्रत्येक प्रसंगी कोणत्या पात्रास कोणती बातमी पोहोचलेली आहे आणि कोणती नाही, याची ही नोंद. मोजणीच्या कामात ज्यांचे आयुष्य गेले त्यांच्या हाताला रकान्याची सवय असते, हे खरे. पण हा पाचवा रकाना नुसत्या सवयीतून आलेला नव्हे. ज्या काळात कारीचा निरोप राजगडास पोहोचायला नीरा आणि वेळवंडी या दोन नद्या आणि मधले डोंगर ओलांडावे लागत, त्या काळात एखादी गोष्ट एकास ठाऊक असणे आणि दुसऱ्यास नसणे यावर घराण्यांचे भवितव्य लोंबकळत असे, हे ज्याला उमगले त्यालाच तो सुचेल.

“गुरुजी,” त्या माडीवरच्या एका बैठकीत अण्णा म्हणाले, “तुम्ही लिहायला बसता तेव्हा शेवट तुम्हांला ठाऊक नसतो, असे तुम्ही अभिमानाने सांगता. मला ते कधी समजले नाही. खंडोजीचा हात तुटणार आहे हे मला पहिल्या पानावर ठाऊक आहे, म्हणूनच पहिल्या पानावर तो हात मी दाखवीन. त्या हाताने तो घोड्याला चारा घालील, नातवंडाला उचलील. वाचकाला त्या वेळी काही वाटणार नाही, पुढे वाटेल. तुम्हांला शेवटच ठाऊक नसेल, तर तो हात तुम्ही दाखवाल कसा?”

“मागाहून दाखवीन,” गुरुजी म्हणाले. “लिहून झाल्यावर मागे फिरून दाखवीन. पण अण्णा, आपण ज्या हाताविषयी बोलता तो आपल्या आराखड्यातला हात आहे. तो चारा घालतो तो पुढे तुटायचा म्हणून घालतो. घोड्याला भूक लागली म्हणून चारा घालणारा हात वेगळा असतो, आणि वाचकाला ते कळते.”

या उत्तराने अण्णा थोडे गंभीर झाले, कारण ते त्यांना लागले होते. परंतु ते लगेच हार मानणारे नव्हेत. त्यांनी ना. सी. फडक्यांचे नाव काढले. ‘प्रतिभासाधन’ हा ग्रंथ १९३१ साली लिहून कथालेखनाचे तंत्र हा अभ्यासाचा आणि परिश्रमाचा विषय आहे असे फडक्यांनी प्रतिपादिले, त्यात अण्णांच्या मते मराठी लेखकाचा सन्मान होता. कारण त्यामुळे लेखन हे दैवी लहरीच्या स्वाधीन न राहता सुताराच्या वा गवंड्याच्या कसबाइतके जबाबदार काम ठरले. “कसब म्हटले की मापे आली,” ते म्हणाले, “आणि मापे आधी घ्यायची असतात.”

गुरुजींनी हरिभाऊ आपट्यांकडे धाव घेतली, आणि ते अपेक्षितच होते. १८९० साली ‘करमणूक’ निघाले, आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातून हप्त्याहप्त्याने वाचकांच्या घरी जाऊ लागली. पुढे ‘उषःकाल’ही तशीच गेली. “छापून गेलेला हप्ता मागे घेता येत नाही,” गुरुजी म्हणाले. “मागच्या आठवड्यात जे लिहिले ते या आठवड्यात हरिभाऊंवर बंधनकारक, आणि पुढच्या आठवड्याचे अजून कोरे. तरी त्या पहिल्या कादंबरीतल्या यमूची हकीकत घराघरांत रडत वाचली गेली. ती आपली कहाणी सांगताना मागे जाते, भरकटते, मध्येच एखाद्या क्षुल्लक गोष्टीवर थांबते. तिच्यासाठी आपल्यासारखे रकाने आखले असते तर ती पहिल्या पाच प्रकरणांत गुदमरली असती.”

“यमू आपली हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगते,” अण्णांनी सावकाश उत्तर दिले, “आणि स्वतःची हकीकत सांगणाऱ्याला शेवट ठाऊक असतोच, गुरुजी. ती भरकटते ती शेवट जाणून भरकटते. आणि हरिभाऊंचे नाव घेता, तर हेही लक्षात ठेवा की ‘गणपतराव’ अपुरीच राहिली. एवढा मोठा लेखक, पण वाचकाला अर्ध्या वाटेवर सोडून गेला. मला त्या अपुऱ्या कादंबरीचे दुःख होते.”

अपुऱ्या कादंबरीचे दुःख होते, हे त्यांचे शब्द ऐकताना मला त्यांच्या सगळ्या रकान्यांचे मूळ दिसले. वाचकाला दिलेला शब्द पुरा करणे ही त्यांच्या दृष्टीने नीतीची बाब आहे. इंग्लंडातला डिकन्सदेखील हप्त्यांनीच लिहीत असे, पण मृत्यूमुळे अपुरी राहिलेली अखेरची कादंबरी सोडता त्याने ‘गणपतराव’ची गत होऊ दिली नाही, याचे कारण त्यांनी मोठ्या आदराने सांगितले: प्रत्येक हप्त्यासाठी तो एक कागद घेऊन मधोमध दुमडी, उजव्या अंगास प्रकरणांचा क्रम मांडी आणि डाव्या अंगास स्वतःशीच विचारलेले प्रश्न व सूचना लिहून ठेवी.

“म्हणजे अर्धा कागद प्रश्नांचा होता,” गुरुजी म्हणाले. “आपल्या चोपडीत प्रश्नाचा रकाना कोठे आहे?”

अण्णांनी चोपडी पुढे ओढून पाहिली. खरोखरच नव्हता.

वादाचा हा भाग येथेच संपला असता तर तो लिहून काढण्याइतका महत्त्वाचा ठरला नसता; कारण दोन्ही पक्षांना मोठ्या नावांचा आधार सापडतो. टॉल्स्टॉयला सैबेरियातून १८५६ साली परतलेल्या एका बंडखोरावर कादंबरी लिहायची होती. तो माणूस समजण्यासाठी तो १८२५ कडे गेला, तेथून १८१२ कडे, तेथून १८०५ कडे, आणि मूळ विषय बाजूला राहून ‘युद्ध आणि शांती’ झाली. उलट रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’च्या आरंभी नरहर कुरुंदकरांचे जे दीर्घ पत्र छापले आहे, ते वाचणाऱ्यास इतिहासाच्या कादंबरीमागे साधनांचा केवढा विचार उभा करता येतो हे दिसते. उदाहरणे अशी दोन्ही बाजूंना वाटून देता येतात, आणि वाटून दिली की प्रश्न जागच्या जागी राहतो. तो पुढे सरकला तो अण्णांनी एक वेगळाच मुद्दा काढला तेव्हा.

“तुम्ही कल्पित गावातल्या कल्पित माणसावर लिहीत असता, तर मी एक शब्द बोललो नसतो,” ते म्हणाले. “पण आपण कोठे बसलो आहोत याचा विचार करा. जेधे, खोपडे, बांदल, शिळीमकर, ही घराणी पुस्तकात मेलेली नाहीत. या खोऱ्यांत ती आजही नांदतात. बाजाराच्या दिवशी तुम्हांला चौकात भेटतात. त्यांच्या पूर्वजाचे नाव घेऊन तुम्ही लेखणी सैल सोडणार, आणि रात्री दोन वाजता जे सुचेल ते त्या माणसाच्या पदरी घालणार? मी सरकारी नकाशात कोणाच्या बांधाची रेषा हातभर सरकविली असती तर तीन पिढ्या कज्जा चालला असता. इथे तर माणसाच्या अब्रूची रेषा आहे. म्हणून मी आधी ठरवितो, आधार तपासतो, आणि मगच लिहितो. हा माझा भित्रेपणा म्हणा.”

“भित्रेपणा कोण म्हणेल?” गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज या वेळी खाली आला होता. “माझ्या वर्गात त्याच आडनावांची मुले बसतात. पण अण्णा, मला एक विचारू द्या. आपल्या चोपडीच्या पहिल्या पानावर पात्रांची यादी आहे. तीत कान्होजींच्या नावापुढे आपण काय लिहिले आहे?”

“एकनिष्ठ.”

“आणि खंडोजींच्या पुढे?”

अण्णा बोलले नाहीत. मी पान पाहिले होते. ‘फितूर’ असे तेथे लिहिलेले होते.

“एकही प्रसंग लिहिण्यापूर्वी आपण तो निवाडा देऊन टाकला,” गुरुजी म्हणाले. “सैल लेखणीने अब्रू जाते हे मला मान्य. पण आराखड्यानेही जाते, आणि ती अधिक शांतपणे जाते. कारण आराखड्याला एक विरोधी माणूस हवा असतो, आणि जो जवळ सापडेल त्याला तो त्या जागी बसवितो. फर्मान आले त्या दिवशी खंडोजी फितूर नव्हता. त्या दिवशी तो एक देशमुख होता, ज्याच्या हातात एक कागद होता आणि घरात पुष्कळ माणसे होती. खान बलाढ्य होता. प्रतापगडाखाली काय घडणार हे मावळात कोणालाच ठाऊक नव्हते. ते ठाऊक असणारे फक्त आपण आहात, आणि आपण आपले ते ज्ञान त्याच्या माथी मारता. आपल्याच पाचव्या रकान्याचा नियम आपणच मोडता.”

या वादात गुरुजींची सरशी झाली ती या ठिकाणी, असे माझे स्पष्ट मत आहे. इतिहासावर आधारलेल्या कादंबरीत लेखक आपल्या पात्रांहून जास्त जाणतो, आणि ते जास्तीचे ज्ञान विसरण्याची शक्ती हीच अशा लेखनाची मुख्य शक्ती आहे. आराखडा हे ज्ञान विसरू देत नाही; तो पानोपानी त्याची आठवण करून देतो. म्हणून ज्याला खंडोजी समजून घ्यायचा आहे त्याने निदान लिहिण्याच्या वेळी तरी नोव्हेंबरातला तो दिवस दृष्टीआड केला पाहिजे आणि खंडोजीबरोबर जूनमधल्या अंधारात उभे राहिले पाहिजे. करीना वाचताना आपल्या अंगावर रोमांच उभे राहतात, ते कान्होजींना शेवट ठाऊक नसताना त्यांनी पाणी सोडले म्हणून.

पण गुरुजींच्या पद्धतीत प्रत्यक्ष काय घडते, हे दाखविल्यावाचून तिचा कैवार घेणे योग्य नव्हे. शाळेच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर, पृष्ठांकही न घालता, त्यांनी एक प्रकरण लिहिले होते, ते त्यांनी त्या बैठकीत वाचून दाखविले. प्रसंग असा कल्पिलेला: कान्होजी राजगडास निघण्याच्या आदल्या रात्री उत्रौलीस निरोप धाडतात, की बरोबर यायचे असेल तर उजाडण्यापूर्वी नीरेच्या उताराशी या. जासूद येतो तेव्हा वाड्यात सारे निजलेले. दार उघडायला कोणीतरी हवे, म्हणून गुरुजींनी खंडोजींची एक विधवा भावजय दाराशी आणली. तिला नावही दिले नव्हते. ती निरोप ऐकते, जासुदाला भाकरी देते, दाराला अडसर घालते, आणि खंडोजींना उठवीत नाही.

“ती का उठवीत नाही?” अण्णांनी विचारले.

“लिहिले तेव्हा मलाही ठाऊक नव्हते,” गुरुजी म्हणाले. “मी तिला माजघरात नेऊन बसविली आणि लिहीत राहिलो. ती चुलीतला विस्तव झाकते, मुलांच्या अंगावर घोंगड्या ओढते, परत दाराशी येऊन उभी राहते. पुष्कळ लिहिले, त्यातले बरेच फाडले. मग ती जासुदाच्या बोलण्यातला हेल आठवते आणि मनात म्हणते, माझ्या माहेरचा आहे. तेव्हा मला कळले की तिचे माहेर कारी आहे. आणि मग बाकीचे आपोआप आले. बाप आणि भाऊ तिकडे जाताहेत; दीरही त्यांच्याबरोबर गेला आणि खान जिंकला, तर एका रात्रीत माहेरही बुडेल आणि सासरही. दोन घरांतले एक तरी उरावे म्हणून ती गप्प बसते. ती फितूर नाही, अण्णा, आणि शहाणीही नाही. दोन्ही घरांचे मीठ खाल्लेली बाई आहे.”

जुन्या वतनदारीचा ज्याने अभ्यास केला आहे त्याला या कल्पनेचे मोल सांगावे लागणार नाही. वतन टिकावे म्हणून एकाच घरातली माणसे दोन बाजूंस विभागली जाणे हा त्या काळच्या जगण्याचा भागच होता. परंतु ग्रंथातून वाचलेली ती सर्वसामान्य गोष्ट एका बाईच्या दाराला अडसर घालण्यात उतरली, आणि ती कोणत्याही आराखड्यातून उतरली नसती. आराखडा करणाऱ्याला दार उघडण्यासाठी फक्त एक हात लागला असता.

मला वाटले होते की अण्णा या कल्पनेवर आधाराचा अभाव दाखवून तुटून पडतील. ते तसे काही न करता चोपडीचे पान उलटून चौथ्या रकान्यावर बोट ठेवून बसले.

“जून महिना,” ते स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले. “पावसाला तोंड लागलेले. आज भाटघरच्या धरणाने वेळवंडी अडली आहे. त्यापूर्वी ती नदीही डोंगरातून आलेल्या लोंढ्यासरशी चढायची आणि उतरायची. कारीहून राजगड म्हणजे आधी नीरा, मग वेळवंडी. तुमची बाई निरोप दाबून ठेवते ती रात्रच ना? त्या रात्री वरच्या अंगाला, हिर्डस मावळात पाऊस पडला असे धरा. कान्होजींसारखा जाणता माणूस पाणी चढताना पाहून उजाडण्याची वाट पाहणार नाही. तो रात्रीच उतरून जाईल. सकाळी खंडोजीला निरोप कळला आणि तो घोडा फेकीत उताराशी आला, तरी उतार बंद झालेला असेल. म्हणजे त्याला जायचे होते की नाही, हे त्याला स्वतःलासुद्धा कधी कळणार नाही. पलीकडे जाता येत नाही एवढेच त्याला कळेल.”

आता स्तब्ध होण्याची पाळी गुरुजींची होती. त्यांच्या प्रकरणात सकाळी काय होते ते लिहिलेले नव्हते. बाईच्या मनाचा ठाव लागताच त्यांची लेखणी थांबली होती, आणि अशा रीतीने थांबलेल्या त्यांच्या आणखीही कथा आहेत, हे ते नाकारीत नाहीत. तिची ती गप्प बसण्याची कृती नियतीएवढी मोठी झाली ती अण्णांच्या चौथ्या रकान्यातल्या पाण्याने.

गुंजवणीच्या खोऱ्यात भाताच्या खाचरांना बांध घालतात, तो पाऊस कोणत्या दिवशी किती पडावा हे ठरविण्यासाठी घालीत नाहीत. पडलेले पाणी उभे राहावे म्हणून घालतात. अण्णांच्या रकान्यांपैकी पहिले चार या जातीचे आहेत. तिथी, स्थळ, वाट, पाणी, या गोष्टी लेखकाच्या इच्छेच्या बाहेरच्या आहेत, आणि जितक्या काटेकोरपणे त्या आधी ठरविल्या जातील तितकी पात्रांना हालचालीस खरी जमीन मिळेल. घोटाळा होतो तो पात्रांच्या नावापुढे एका शब्दात त्यांचा स्वभाव लिहून ठेवला की. माणसाच्या मनाची तजवीज आधी करता येत नाही. ती केली तर लिहिण्याला काही उरत नाही, आणि जे लिहिले जाते ती केवळ आधीच झालेल्या निकालाची नक्कल असते. माझ्या मते मतभेदाची रेषा येथून जाते, आणि ती गुरुजींच्या बाजूला अधिक जमीन ठेवते. अण्णांनी ती मान्य केली असे मी म्हणणार नाही.

त्यांनी गो. नी. दाण्डेकरांचा दाखला दिला. राजगडावर वारंवार जाऊन राहिलेल्या, ‘वाघरू’सारखी कादंबरी त्या गडाच्या परिसरात रुजविणाऱ्या त्या लेखकाची वाक्ये ओघाने आल्यासारखी वाटतात खरी, पण सुवेळा माचीवर वारा कोणत्या वेळी कसा वाहतो आणि पाली दरवाजाची चढण कोठे दम काढते, हे ज्याने पायांनी मोजले आहे त्यालाच तो ओघ परवडतो. “त्याला तुम्ही उत्स्फूर्त म्हणता,” अण्णा म्हणाले, “मी त्याला अनेक वर्षांची पूर्वतयारी म्हणतो. चोपडीत न लिहिलेला आराखडा, एवढाच फरक.”

“पायांनी केलेल्या आराखड्याशी माझे भांडण नाहीच,” गुरुजी म्हणाले. “कीर्तनकार उत्तररंगाला उभा राहतो तेव्हा आख्यान त्याला मुखोद्गत असते, श्रोत्यांनाही असते. सीता परत येणार हे मंडपातल्या पोरालाही ठाऊक असते. तरी तो त्या संध्याकाळी समोरच्या माणसांची तोंडे पाहून कोठे थांबायचे ते ठरवितो. ते थांबणे घरी बसून ठरविता येत नाही.”

“पण पूर्वरंगात घेतलेल्या अभंगाच्या चरणावर त्याला परत यावेच लागते,” अण्णा म्हणाले, “आणि तो परत येतो. तुम्ही येत नाही. तुमची ती बाई पहाटे दाराशी उभी आहे, आणि केव्हापासून उभी आहे हे तुम्हीच सांगा.”

हा आक्षेप खरा होता, आणि गुरुजींनी त्याला उत्तर दिले नाही. अपुरेपणाचा दोष उत्स्फूर्त लेखनाला चिकटलेला आहे, आणि तो स्वभावाचा अलंकार म्हणून मिरविणारे लेखक मला कधीच आवडले नाहीत. गुरुजी त्यांतले नव्हेत. त्यांनी अण्णांकडून चोपडी मागून घेतली आणि उत्रौलीच्या पानापासून पुढचे एकेक पान वाचीत गेले. खानाची छावणी, प्रतापगड, रानातले लपणे, हैबतरावांची खटपट, कान्होजींची रदबदली, शिक्षा. शिक्षेपाशी रकाने संपत होते.

“इथे आपण थांबलात,” ते म्हणाले.

“तिथे कादंबरी संपते.”

“मला तर ती तिथून सुरू होताना दिसते. एक हात आणि एक पाय गेलेला माणूस उत्रौलीस परत आला आहे. त्या वाड्यात ती बाई अजून आहे. निरोप तिने दाबला हे त्याला कळले आहे की नाही?”

अण्णांनी चष्मा काढून पुसला. पाचव्या रकान्याचा हा प्रश्न होता, आणि तो त्यांच्या पाचव्या रकान्यात नव्हता.

“त्या भागाला माझ्याजवळ आधार नाही,” ते अखेर म्हणाले. “म्हणून त्याचा आराखडा मी करणार नाही. तो तुम्ही लिहा. पण लिहिण्यापूर्वी दोन गोष्टी माझ्याकडून घेऊन जा. एक हात नसलेला माणूस भाकरी कशी मोडतो, हे कोणाला तरी विचारून या, कल्पनेने लिहू नका. आणि तो परत येईल त्या दिवसांत मळणी चालू असेल. वाड्यातले सगळे गडी खळ्यावर असतील. दार उघडायला घरात कोण असेल, ते बघा.”

गुरुजींनी आपल्या उत्तरपत्रिकांपैकी एक कोरी पाठ काढली आणि तिच्या माथ्यावर ‘मळणी’ असे लिहून घेतले. मग थोडा विचार करून, डाव्या अंगास, एक प्रश्नचिन्ह काढले. अण्णांनी चोपडी पुन्हा आपल्याकडे ओढली, पहिले पान उघडले आणि खंडोजींच्या नावापुढचा शब्द खोडण्यासाठी दौतीचे झाकण काढू लागले. त्या जागी काय लिहावे यावर दोघांचे एकमत त्या दिवशी झाले नाही. गुरुजींचे म्हणणे होते की काहीच लिहू नये, आणि अण्णांचे म्हणणे होते की रिकामा रकाना हा दफ्तरात दोष मानतात.